लष्करी मालमोटारीचे उत्तरायुष्य

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि हिंदुस्थानात राहिलेले दोस्त सैन्यांचे सामान विक्रीस निघाले. तंबू, बूट, दुर्बिणी, जनित्रे आणि मोटारगाड्या या सर्वांना लोकांनी ‘डिस्पोजलचा माल’ असे नाव दिले व ते भाषेत रूढ झाले. या गाड्यांपैकी बहुतेक पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. वाहतुकीचा धंदा करणाऱ्यांनी त्या घेतल्या, काहींवर लाकडी सांगाडे चढवून त्यांच्या बसगाड्या केल्या, काहींतून धान्य व लाकूड वाहिले. आणि पेट्रोलचा खर्च झेपेना तेव्हा १९५० च्या दशकात कित्येकांनी मूळचे एंजिन उतरवून त्या जागी डिझेल एंजिन बसविले. सैन्याने काढून टाकलेली गाडी नागरिकाने घ्यावी, दुरुस्त करावी आणि आपल्या कामास जुळवून घ्यावी, हा व्यवहार अशा रीतीने आपल्या देशात पूर्वीपासून परिचित आहे.

या व्यवहारात एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. लिलावात गाडी विकत मिळते. ती गाडी इतकी वर्षे ज्या व्यवस्थेने चालती ठेवली ती व्यवस्था विकत मिळत नाही. ठरलेल्या दिवशी तपासणी करणारा चालक, त्याच्यावर देखरेख करणारा मिस्त्री, सुट्या भागांचे कोठार आणि प्रत्येक कामाची नोंद हे सारे सैन्यातच राहते. नव्या मालकाच्या अंगणात उभी राहते ती केवळ गाडी. तिची निगा कशी राखावी आणि तिच्यात फेरफार करताना कोणते तारतम्य बाळगावे, हे समजण्यासाठी एका प्रसिद्ध गाडीचे उदाहरण घेणे सोयीचे होईल.

ही गाडी म्हणजे अमेरिकन सैन्याची ‘एम-३५’ मालमोटार. मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथील रिओ कंपनीने तिची रचना केली आणि १९५० च्या सुमारास ती सैन्यात दाखल झाली. आडरानात अडीच टन माल वाहणारी म्हणून सैनिकांनी तिला ‘ड्यूस अँड अ हाफ’, म्हणजे पत्त्यांतील दुर्री आणि वर अर्धे, असे लाडके नाव दिले. पक्क्या सडकेवर ती याच्या दुप्पट भार नेऊ शके. तिला तीन आस असून तिन्ही आसांना एंजिनाची शक्ती मिळते. पुढे दोन आणि मागील दोन आसांवर प्रत्येकी चार, असे दहा टायर तिला असतात. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे सहा टन भरते आणि तिचा कमाल वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर आहे. आरंभी ती पेट्रोलवर चालत असे. १९६० च्या दशकात तिला डिझेल जातीचे बहुइंधनी एंजिन मिळाले, आणि ‘एम-३५ ए-२’ या नावाने ओळखले जाणारे तिचे हेच रूप पुढे फार मोठ्या संख्येने नागरिकांच्या हाती आले.

सैन्यात या गाडीच्या निगेची जबाबदारी पायऱ्यापायऱ्यांनी वाटलेली असे. चालकाची पुस्तिका वेगळी, पलटणीतील मिस्त्र्याची वेगळी आणि त्यावरील कर्मशाळेची वेगळी. चालकाने काय तपासावे ते तीन वेळांत विभागलेले होते: निघण्यापूर्वी, वाटेत आणि परत आल्यावर. निघण्यापूर्वी तेल व पाणी पाहावयाचे आणि गाडीखाली वाकून गळतीचे डाग शोधावयाचे. वाटेत हवेच्या दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवावयाचे. परत आल्यावर चाकांच्या मध्यभागी हात लावून एखादे चाक इतरांहून अधिक तापले आहे काय ते पाहावयाचे. अशा कोरड्या सूचना तरुण शिपायांनी मन लावून वाचाव्यात म्हणून १९५१ साली ‘पी. एस.’ नावाचे एक छोटे मासिक सुरू झाले. त्याच्या चित्रांची बाजू विल आयझ्नर या विख्यात चित्रकथाकाराने सुमारे वीस वर्षे सांभाळली. ग्रीस कोठे भरावे हे सांगण्यासाठी सैन्याला चित्रकथाकार नेमावासा वाटला, यावरून निगेचे महत्त्व ते किती मानीत असत हे दिसते.

नवा मालक या तिन्ही पायऱ्यांवर एकटाच उभा असतो. गाडी थोडी चालली आहे, मापकावर किलोमीटर कमी आहेत, हे पाहून तो प्रथम आनंदतो. हा आनंद पुष्कळदा अस्थानी ठरतो. लोखंड वापराने झिजते, पण रबर काळाने झिजते. वीस वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा दंतचक्रांचा पेटारा नव्यासारखा असू शकतो, आणि त्याच गाडीच्या ब्रेकच्या लवचिक नळ्या, चाकांची सीले, पाण्याच्या नळ्या व टायरांच्या कडा यांना तडे गेलेले असू शकतात. टायरवरील नक्षी उंच दिसते म्हणून तो टायर चांगला असे समजणे धोक्याचे आहे. तो कोणत्या वर्षी तयार झाला हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

म्हणून जाणता मालक पहिल्या महिन्यात गाडी रस्त्यावर काढीतच नाही. एंजिनात सुमारे वीस लिटर तेल मावते. ते सर्व काढून नवे भरावे लागते. तिन्ही आसांतील आणि दोन्ही गिअरपेट्यांतील तेल उघडून पाहावे. त्याचा रंग दुधासारखा असेल तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. नद्या-ओढे ओलांडण्यासाठी बांधलेल्या गाडीत असे पाणी सापडणे नवलाचे नाही. इंधनाच्या वाटेवर एकामागून एक तीन गाळण्या आहेत. त्या बदलाव्यात आणि त्यांच्या तळाशी साठणारे पाणी ठरावीक काळाने सोडीत जावे. हवेच्या टाक्यांच्या तळाला तोट्या असतात. त्या दररोज उघडून आत जमलेले पाणी काढावे, कारण दाबलेल्या हवेतील बाष्प थंड होऊन तेथेच साठते व टाकीला आतून गंज चढतो. चाकांची बेअरिंगे उतरवून धुवावीत आणि नव्या ग्रीसने भरावीत. त्या वेळी एखाद्या चाकाच्या सिलातून तेल झिरपून ब्रेकच्या लायनरवर आलेले आढळले, तर ते लायनर पुसून पुन्हा वापरू नयेत.

चाक काढताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे न जाणणारा माणूस नट सैल करण्याच्या समजुतीने तो अधिकच आवळतो आणि अखेर बोल्ट मोडतो. दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. या गाडीचा टायर रिमवर एका पोलादी कड्याने अडकविलेला असतो. ते कडे गंजलेले असेल किंवा खाचेत नीट बसलेले नसेल, तर हवा भरताना ते तोफेच्या गोळ्यासारखे उडते. अशा कड्यांनी माणसे दगावली आहेत. चाक पोलादी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने आणि दूर उभे राहून हवा भरणे एवढाच त्यावर मार्ग आहे. पिंजरा नसलेल्या गॅरेजात हे काम करू देऊ नये.

आता एंजिनाकडे वळू. हे सहा सिलिंडरांचे, ७.८ लिटरचे एंजिन काँटिनेंटल कंपनीने विकसित केले. पण त्यातील ज्वलनाची कल्पना जर्मनीतील म्यान कंपनीची होती. तेथील सीगफ्रीड मॉयरर या अभियंत्याने १९५० च्या दशकात ती सिद्ध केली. सामान्य डिझेल एंजिनात तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा उडतो, त्याचा बराचसा भाग एकदम पेटतो आणि परिचयाचा खडखडाट ऐकू येतो. मॉयररने दट्ट्याच्या माथ्यावर चेंडूच्या आकाराची पोकळी ठेवली आणि इंधन तिच्या भिंतीवर पातळ थराच्या रूपाने पसरविले. आत गरगर फिरणारी हवा त्या थराची वाफ हळूहळू उचलून नेते आणि ज्वलन क्रमाक्रमाने होते. त्यामुळे आवाज मंद होतो आणि एंजिन इंधनाच्या बाबतीत फारसे चोखंदळ राहत नाही. डिझेल, केरोसीन, विमानाचे जेट इंधन, प्रसंगी पेट्रोलसुद्धा या एंजिनाला चालते. रणांगणावर हाती लागेल ते इंधन वापरता यावे हा त्यामागील हेतू. भारतीय श्रोत्यांना यातील म्यान हे नाव अनोळखी वाटू नये, कारण आपल्या सैन्याचा ‘शक्तिमान’ ट्रक याच कंपनीच्या परवान्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जबलपूर येथे तयार होऊ लागला आणि पुढे कित्येक वर्षे तयार होत राहिला.

बहुइंधनी या शब्दाचा काही मालक सैल अर्थ घेतात. खाणावळीतील तळणाचे तेल, गाड्यांतून काढलेले काळे तेल, जे फुकट मिळेल ते टाकीत ओतले जाते. एंजिन ते जाळू शकते हे खरे. परंतु इंधन एंजिनात पोहोचण्यापूर्वी त्याला दाबपंपातून जावे लागते, आणि त्या पंपातील भाग एकमेकांत इतके नेमके बसविलेले असतात की केसाहून सूक्ष्म कणही तेथे ओरखडा पाडतो. काळ्या तेलात धातूचा कीस, काजळी आणि पाणी असते. ते नीट निवळू न देता आणि बारीक गाळणीतून न गाळता वापरले, तर वाचविलेल्या इंधनाच्या किमतीहून पंपाची दुरुस्ती महाग पडते. याच पंपावर इंधनाच्या दाटपणाप्रमाणे पुरवठ्याची मर्यादा बदलणारे एक उपकरण आहे. ते गळू लागले की पुष्कळजण त्याला वगळून टाकतात. तसे करण्यास हरकत नाही, पण मग पंपाची मर्यादा मोजमाप घेऊन पुन्हा बसवावी लागते. दुसरा मोह शक्ती वाढविण्याचा. पंपावरील एक स्क्रू फिरविला की अधिक इंधन जाते आणि गाडी जोमाने पळते. त्याबरोबर निकासाचे तापमानही चढते, आणि ते दाखविणारा मापक मूळ गाडीत नाही. या एंजिनावर जो टर्बो बसविला गेला त्याचा मुख्य हेतूदेखील काळा धूर कमी करणे हा होता. शक्तीची वाढ त्या मानाने थोडी. जो मालक तापमापक न बसविता स्क्रू फिरवितो, तो दट्ट्या आणि सिलिंडरच्या माथ्याचे गॅस्केट पणाला लावीत असतो.

तरीही एंजिन बिघडले तर गाडी उभी राहते, आणि उभ्या गाडीने कोणाचा जीव जात नाही. ब्रेकची गोष्ट निराळी आहे. चालक पायाने पट्टी दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधील द्रव एका साहाय्यक यंत्राकडे जातो. तेथे दाबलेल्या हवेच्या जोराने त्याचा दाब अनेक पटींनी वाढतो आणि मग तो सहाही चाकांच्या ड्रमकडे पोहोचतो. रचना साधी आणि जोरदार आहे. तिच्यातील उणीव एवढीच की सारे मंडल एकच आहे. सहा चाकांपैकी एकाचीही नळी फुटली की द्रव तेथून बाहेर पडतो, पट्टी जमिनीला टेकते आणि उरलेल्या पाच चाकांचे ब्रेकही त्याच क्षणी जातात. हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या दांड्यावर आहे. उभी गाडी धरून ठेवण्यास तो पुरेसा आहे. उतारावर धावणारी सहा टनांची गाडी थांबविण्यासाठी तो केलेला नाही.

ज्यांनी घाटातून मालमोटार उतरताना पाहिली आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. सैन्यात ही उणीव खपून गेली, कारण तेथे नळ्या ठरलेल्या वेळी पाहिल्या जात, वेग मर्यादित असे आणि ताफ्यातील गाड्या अंतर राखून चालत. नागरिकाच्या हाती आल्यावर यांतील एकही आधार आपोआप उरत नाही. म्हणून या गाडीत पहिला फेरफार कोणता करावा, या प्रश्नाला एकच उत्तर आहे: ब्रेकचे मंडल दुहेरी करावे. पुढच्या आसाचे एक आणि मागच्या दोन आसांचे दुसरे अशी विभागणी केली, म्हणजे एक फुटले तरी दुसरे गाडी थांबविते. मात्र हे काम पूर्ण व्हावे लागते. मास्टर सिलिंडर दुहेरी बसविला आणि पुढे दोन्ही नळ्या पुन्हा एकाच साहाय्यक यंत्रात आणून सोडल्या, तर त्या यंत्रापुढचे मंडल पूर्ववत एकेरीच राहते व सुरक्षिततेचा केवळ भास निर्माण होतो. दोन्ही मंडलांना हवेचे साहाय्य वेगवेगळे मिळाले पाहिजे. काम झाल्यावर सपाट, मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने गाडी नेऊन एक मंडल मुद्दाम उघडावे आणि दुसऱ्याने गाडी थांबते काय ते पाहावे. ही कसोटी दोन्ही बाजूंनी घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

ब्रेकच्या द्रवाचाही विचार हवा. अमेरिकन सैन्याने १९८० च्या दशकात नेहमीचा द्रव सोडून सिलिकोनचा द्रव स्वीकारला, कारण तो हवेतील ओल शोषीत नाही आणि दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना तो मानवतो. बाजारात सर्वत्र मिळणारा द्रव वेगळ्या जातीचा आहे. दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. कमी झाला म्हणून दुकानातून आणून वर ओतला, तर मंडलात दोन द्रवांची खिचडी होते. जात बदलावयाची असेल तर सर्व नळ्या रिकाम्या करून, धुऊन, रबरी भाग नवे घालून बदलावी. त्यातही एक नियम पाळावा: चढताना जो गिअर लागेल त्याच गिअरात घाट उतरावा. दुहेरी मंडल झाले तरी या नियमाला पर्याय नाही.

यानंतर इतर फेरफारांचा क्रम येतो. विजेची व्यवस्था २४ व्होल्टची असून बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. रेडिओ किंवा पंखा लावण्यासाठी काही मालक दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतात. मग ती एक बॅटरी रिती होत जाते, दुसरीत प्रमाणाबाहेर वीज भरली जाते आणि दोन्ही लवकर निकामी होतात. विभवांतर बदलणारे छोटे उपकरण मध्ये बसविले की हा प्रश्न सुटतो. सुकाणू वळविण्यास जोर फार लागतो म्हणून द्रवशक्तीचे साहाय्य जोडणे हा उपयुक्त फेरफार आहे. त्यासाठी पंप, नळ्या आणि त्यांना धरणारे कंस चौकटीवर भक्कम बसवावे लागतात.

टायरांचा बदल दिसतो तितका निरुपद्रवी नाही. मूळच्या दहा टायरांऐवजी रुंद आणि उंच असे सहा टायर बसविण्याची रीत मालकांमध्ये लोकप्रिय आहे. गाडी रुबाबदार दिसते आणि वाळूत चांगली चालते. परंतु मूळ टायरचा व्यास सुमारे १०३ सेंटिमीटर असून या नव्या टायरांपैकी एका प्रचलित मापाचा व्यास सुमारे ११८ सेंटिमीटर भरतो; म्हणजे जवळजवळ १५ टक्के अधिक. वेगाचा काटा ८० दाखवितो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९२ च्या वेगाने धावत असते. ड्रमची पकड तीच राहून चाक मोठे झाल्याने रस्त्यावरील रोधशक्ती मात्र घटते. वेग ६० वरून ८० झाला की थांबविण्याची ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते, हे गणित येथे विसरता येत नाही. मागील दोन आसांपैकी एक काढून चौकट आखूड करण्याचीही प्रथा आहे. त्याने गाडी हलकी आणि वळण्यास सोपी होते. पण तिची भार वाहण्याची क्षमता आणि दोन चाकांचे ब्रेक त्याबरोबर जातात. अशा गाडीत जुन्या हिशेबाने माल भरणे अपघाताला आमंत्रण देणे होय.

फेरफार करणे वाईट असे यातून कोणी समजू नये. सैन्यानेही या गाडीत फेरफार केले. व्हिएतनाममध्ये १९६७ च्या सप्टेंबरात मालवाहू ताफ्यावर मोठा हल्ला झाला, तेव्हा तेथील चालकांनी काही अडीच-टनी गाड्यांच्या हौद्यांत वाळूची पोती रचून मशीनगना बसविल्या. पोती पावसाने भिजून अतोनात जड झाली, म्हणून त्यांच्या जागी पोलादी पत्रे आले. तोही भार या गाडीला जड जातो असे दिसल्यावर हे काम पाच-टनी गाड्यांकडे देण्यात आले. १९९० च्या दशकात सैन्याने जुन्या गाड्या उलगडून त्यांना नवे एंजिन, स्वयंचलित गिअरपेटी आणि मोठे सहा टायर दिले, आणि ‘ए-३’ हे नवे रूप सिद्ध केले. या दोन्ही प्रसंगांत एका बदलाबरोबर कोणते दुसरे बदल ओघाने येतात याचा हिशेब केला गेला. अनुभवाने चूक दिसली तेव्हा ती मान्य करून सुधारण्यात आली.

नागरिक मालकाला कर्मशाळा आणि अभियंते मिळत नाहीत. पण एक साधन त्याला सहज मिळू शकते. ते म्हणजे नोंदवही. कोणत्या तारखेला कोणते तेल बदलले, कोणती नळी कोणत्या वर्षीची आहे, ब्रेकमध्ये कोणत्या जातीचा द्रव आहे, मूळ रचनेत काय बदलले आणि का बदलले, हे त्या वहीत लिहून ठेवावे आणि वही गाडीतच असावी. अशा गाड्या एका मालकाकडे जन्मभर राहत नाहीत. पुढे एखाद्या अनोळखी गावात, अनोळखी मिस्त्री त्या गाडीखाली शिरेल, तेव्हा आधीच्या हातांनी काय केले हे त्याला त्या वहीवरून कळेल. ब्रेकच्या टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी त्याने ते एक पान वाचले, तर वही लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.